व्रत, पथ्य आणि स्तनाच्या कर्करोगानंतरचा आहार

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या स्त्रीच्या आहाराबाबत दोन प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे केवळ वैद्यकात सापडत नाहीत. उपवास आणि व्रते तिने पुढेही चालू ठेवावीत का, हा पहिला. रोग उलटला तर त्याचा दोष तिच्या खाण्याला द्यावा का, हा दुसरा. अहिल्यानगर जिल्ह्यात दोन्ही प्रश्न घरोघरचे आहेत. एकादशी आणि चतुर्थी, पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीचे नवरात्र, शिंगणापूरच्या शनीचा शनिवार, जैन कुटुंबांतील पर्युषण आणि मुस्लिम घरांतील रमजान या सर्वांत अन्नाचा त्याग हीच उपासना मानली जाते.

प्रथम वैद्यकाचे म्हणणे. उपचारानंतर वजन वाढणे ही नेहमीची तक्रार असते. वाढत्या वजनाबरोबर मधुमेहाचा, हृदयविकाराचा आणि हाताला सूज येण्याचा धोका वाढतो. पाळी बंद झालेल्या स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालण्याचा व्यायाम आवश्यक ठरतो. काही केमोथेरपी औषधांचा परिणाम हृदयावर उरतो. त्यामुळे या स्त्रीच्या आहाराकडे कर्करोगाइतकेच हाडे, हृदय आणि रक्तातील साखर यांच्या दृष्टीनेही पाहावे लागते. पुरेशी प्रथिने, भाज्या, डाळी, कोंड्यासह धान्ये, बेताचे तेल-तूप-साखर आणि मद्य वर्ज्य, हा त्याचा सारांश. नगरच्या शेतातली बाजरी, ज्वारी, हुलगा आणि मटकी यात सहज बसतात. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाल-घेवड्याच्या वाणांचे मोलही याच ताटात कळते.

आता उपवासाचा प्रश्न. या विषयावरचा मराठीतला सर्वांत मोठा आधार याच जिल्ह्यातला आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर भाष्य करताना जिभेच्या आधीन झालेल्याला आणि हट्टाने भूक-तहान कोंडणाऱ्याला एकाच पंक्तीला बसवले. देहाला मापून अन्न देणे हाच त्यांच्या मते साधनेचा पाया.

धर्मशास्त्राची भूमिकाही अशीच आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असा संकेत व्रतांवरील ग्रंथ देतात. म्हणजे उपवासाच्या दिवशी गोळी चुकवण्याला शास्त्राचा आधार नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही त्याग आणि तप शक्तीनुसार करण्यास सांगितले आहे. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे आणि तूप-गोडासारखे रस सोडणे हीदेखील जैन परंपरेत तपेच आहेत. उपचारांनी थकलेली स्त्री अठ्ठाईच्या आठ दिवसांच्या उपवासाऐवजी ही तपे निवडू शकते. कुराणाने आजाऱ्याला रोजातून सूट दिली असून नंतर रोजे भरून काढण्याची किंवा गरिबाला जेवू घालण्याची वाट ठेवली आहे. शिर्डीच्या परंपरेतही उपवासाचा आग्रह नाही. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईसच्चरितात तीन दिवस उपवासाच्या निश्चयाने आलेल्या एका बाईची कथा आहे. साईबाबांनी तिला दादा केळकरांच्या घरी जाऊन पुरणपोळ्या करायला, मुलांना वाढायला आणि स्वतःही जेवायला सांगितले.

शास्त्र मोकळीक देते, पण फराळाचे ताट मात्र बहुतेकदा चुकते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नसतात. तेवढ्याच राजगिऱ्यात सुमारे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने आणि चांगले कॅल्शियम मिळते. राजगिऱ्याची भाकरी, दही-ताक, थोडे शेंगदाणे, रताळे आणि फळे असा फराळ केला तर एकादशीही पाळली जाते आणि हाडांनाही पोषण मिळते. केमोथेरपी चालू असताना किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेताना मात्र कोणताही उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

रात्रीच्या उपवासाबाबत एक निरीक्षण लक्षणीय आहे. अमेरिकेतील सुमारे २,४०० स्त्रियांच्या नोंदींवरून २०१६ साली असे दिसले की, रात्री १३ तासांपेक्षा कमी वेळ पोट रिकामे ठेवणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी अधिक होते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या जैन नेमाने हे अंतर जवळजवळ साधते. तरीही हा केवळ सहसंबंध आहे. कार्यकारण त्याने सिद्ध होत नाही, आणि धर्माचा नेम विज्ञानाने खरा ठरवला असाही अर्थ त्यातून काढता येत नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. आजारानंतर आहाराला नवसाचे रूप येते: हे सोडले, ते धरले, तर रोग परत येणार नाही. रोग परतला की नवस फेडण्यात कसूर झाली, असा आरोप घरचे करतात आणि बाईही स्वतःवर करते. चाचण्या या हिशेबाला दुजोरा देत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ३,०८८ स्त्रियांपैकी निम्म्या भरपूर भाज्या, फळे, तंतू आणि कमी स्निग्ध अशा कडक आहारावर होत्या. सात वर्षांनंतरही दोन्ही गटांत रोग उलटण्याचे प्रमाण सारखेच राहिले. २००६ च्या दुसऱ्या चाचणीत कमी स्निग्ध आहाराचा काहीसा लाभ दिसला, पण त्या स्त्रियांचे वजनही घटले होते. उलट ज्या सोयाबीनला अनेक जणी घाबरतात, त्याच्या सेवनाशी शांघायच्या ५,०४२ स्त्रियांत कमी मृत्यू आणि कमी पुनरुद्भव यांचा संबंध आढळला; तो अभ्यास २००९ चा.

यावरून खाण्याला अर्थच नाही, असे मात्र ठरत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात दैव आणि पुरुषार्थ यांची चर्चा आहे. आयुष्य सर्वस्वी ठरलेले असते तर औषध-पथ्य व्यर्थ ठरले असते, म्हणून आयुर्मान दोहोंवर अवलंबून मानावे, असे चरकाचे मत. गाठीचा प्रकार, निदानाची अवस्था आणि उपचार यांचा वाटा स्त्रीच्या हाती नसतो. आहार आणि हालचाल यांचा काही वाटा तिच्या हाती असतो. पहिल्याचा दोष तिच्यावर ठेवणे हा अन्याय आहे आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे ही हेळसांड आहे.

म्हणून स्तनाच्या कर्करोगानंतरचा आहार नवस म्हणून न करता नेम म्हणून करावा. नेमाला फळाची हमी लागत नाही, आणि तो एखाद्या दिवशी चुकला तर पाप लागत नाही. देहाची काळजी घेणारे हे व्रत नेवाशाच्या ग्रंथालाही मान्य आहे आणि आजच्या वैद्यकालाही.