भाडं अवजाराचं, काम आपलं

खंडेनवमीला अवजारं पुजण्याची आपली रीत डीटीपीच्या दुकानांनीही सोडलेली नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या दुकानात त्या दिवशी कीबोर्ड पुसून ठेवतात, मॉनिटरला हळदकुंकू लागतं, प्रिंटरवर झेंडूचा हार चढतो. पण ज्या सॉफ्टवेअरवर दुकानाचं पोट चालतं, त्यावर मालकाचा हक्क किती? अनेकदा ते भाड्याचं असतं, नाहीतर ‘क्रॅक’ केलेलं, म्हणजे सरळ शब्दांत चोरीचं.

मे 2013 मध्ये ॲडोबीने जाहीर केलं, की फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनच्या पुढच्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील. 2016 मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनेही कायमच्या परवान्यांची नवी विक्री थांबवली. यात सगळंच वाईट झालं, असं मला वाटत नाही. ॲडोबीच्या शेवटच्या विकत मिळणाऱ्या संपूर्ण संचाची, म्हणजे सीएस 6 मास्टर कलेक्शनची, अमेरिकेतली किंमत 2,599 डॉलर होती. क्रिएटिव्ह क्लाउडची वर्गणी सुरुवातीला महिना 50 डॉलरच्या आसपास होती. एवढी मोठी रक्कम एकदम भरणं नवख्या चित्रकाराला झेपलं नसतं, महिन्याची वर्गणी झेपू शकते. शिवाय विकत घेतलेलं तरी कुठे कायम टिकतं? 2019 मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनावर जुनी 32-बिट सॉफ्टवेअरं चालेनाशी झाली. परवाना हातात होता, पण तो वापरायला यंत्र उरलं नाही.

तेव्हा भाडं घेणं हा काही अन्याय नव्हे. प्रश्न आहे तो भाडं थांबल्यावर काय होतं, हा. भाडं थांबलं की अवजार परत जावं, हे न्याय्यच आहे. पण त्या अवजाराने केलेलं कामही त्याच्याबरोबर कुलपात जात असेल, तर व्यवहारात खोट आहे.

2022 च्या अखेरीस हे साऱ्या जगाने पाहिलं. पँटोन कंपनीचे रंग वापरून केलेल्या जुन्या फाइली फोटोशॉपमध्ये उघडल्या, तर त्या रंगांच्या जागी काळा रंग दिसू लागला. मूळ रंग हवा असेल तर पँटोनला वेगळी वर्गणी भरा, असं सांगितलं गेलं. त्याआधी ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे ॲडोबीने व्हेनेझुएलातली खाती बंद करण्याचं जाहीर केलं होतं. पुढे सरकारकडून परवानगी मिळाली आणि ते टळलं. पण मधल्या दिवसांत तिथल्या चित्रकारांच्या जिवाला जो घोर लागला असेल, त्यात त्यांचा दोष काय होता? पैसे भरण्याची तयारी असूनही त्यांचं काम परदेशातल्या एका आदेशावर लटकलं.

याहून चांगली वाट आहे आणि ती ॲडोबीनेच एकदा दाखवली आहे. 1993 मध्ये आणलेला पीडीएफ हा फाइलप्रकार 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. कोणत्याही कंपनीला तो वाचणारं सॉफ्टवेअर बनवता येतं. म्हणून आज आपली पत्रिका, नकाशा, पुस्तकाची पानं कुणाचीही वर्गणी न भरता उघडतात. त्यामुळे ॲडोबीचा धंदा बुडाला नाही. तीच उदारता मूळ कामाच्या फाइलींनाही दाखवता येईल. वर्गणी संपली तर नवं काम थांबवा, पण जुनी फाइल उघडून पाहण्याची आणि ती खुल्या प्रकारात जतन करण्याची सोय कायम राहू द्या. एवढी मागणी कायद्यानेही मान्य करावी, असं मला मनापासून वाटतं.

मात्र ही मागणी करायची, तर आपले हात स्वच्छ हवेत. भाडं महाग आहे म्हणून क्रॅक वापरणारा माणूस सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या श्रमांचं तेच करतो, जे आपल्या श्रमांचं होऊ नये असं त्याला वाटतं. ज्याला वर्गणी परवडत नाही, त्याच्यासाठी इंकस्केप, गिंप, ब्लेंडर ही सॉफ्टवेअरं रीतसर मोफत आहेत. ती शिकायला वेळ लागतो, पण त्यांचं कुलूप दुसऱ्याच्या हाती नसतं. आणि गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे चुकते केले, की ठरल्याप्रमाणे त्याच्या कामाची उघडता येणारी फाइलही आपण त्याच्या हवाली करावी. कंपनीने आपल्याशी जसं वागावं असं आपण म्हणतो, तसं आधी आपण आपल्या गिऱ्हाइकाशी वागलं पाहिजे.