‘ठाऊक नाही’ म्हणणारा औषधविक्रेता

संत्र्याच्या हंगामात वरूडच्या बागांत दिवसभर तोडणी करून मजूर रात्री घरी येतो, तर लेकरू कान धरून रडत असते. ग्रामीण रुग्णालयात सकाळी जावे तर रोजी बुडते, खाजगी डॉक्टरांकडे जावे तर फी. चौकातले मेडिकल मात्र उघडे असते. “भाऊ, कानात टाकायला काहीतरी द्या,” एवढ्याने काम भागते. दुकानदाराने द्यावे की नाकारावे? प्रश्न कायद्याचा आहे, पण त्याआधी तो अमानतीचा आहे.

कानदुखी हा एकच रोग नव्हे. कधी सर्दीनंतर पडद्यामागे सूज येते, कधी मळ घट्ट बसतो, कधी बुरशी लागते. दाढेची कळसुद्धा कानात उमटते. पडद्याला छिद्र असल्यास जेंटामायसिन वा निओमायसिनचे थेंब आतल्या कानापर्यंत जाऊन ऐकण्याची शक्ती कायमची दुबळी करू शकतात. छिद्र आहे की नाही, हे काउंटरवरून दिसत नाही. घरोघरी टाकले जाणारे लसणाचे कोमट तेलही अशा कानात जाऊ नये.

अबू दाऊद यांच्या संग्रहात या प्रश्नाला भिडणाऱ्या दोन हदीस आहेत. वैद्यकाचे ज्ञान असल्याची ज्याची ओळख नाही, त्याने उपचार केला आणि हानी झाली, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे एकीत सांगितले आहे. हेतू चांगला होता, एवढ्याने तो सुटत नाही. दुसरी अधिक हृदयद्रावक आहे. प्रवासात डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला गुस्लची गरज पडली. तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी नाही म्हटले, त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषित मुहम्मद (स.) अत्यंत संतापले; ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असा त्यांचा सवाल होता. ते सोबती दुष्ट नव्हते, त्यांना फक्त उत्तर देण्याची घाई होती.

खलीफा मुअतसिम यांच्या काळातील (इ.स. 833–842) एक प्रसंग इब्न अबी उसैबिआ यांनी नोंदवला आहे. सेनापती अफशीनने अस्तित्वातच नसलेल्या औषधांची नावे छावणीतील अत्तारांकडे पाठवली. काहींनी आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले. काहींनी पैसे घेऊन दुकानातले काहीतरी बांधून दिले. अफशीनने पहिल्यांना ठेवले, दुसऱ्यांना हाकलले. त्याने ज्ञानाची नव्हे, अज्ञान कबूल करण्याची परीक्षा घेतली, हे मला विशेष वाटते.

याचा अर्थ औषधविक्रेत्याने हात झटकावेत असा नाही. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून 1 ते 17 वर्षे वयाच्या मुलांच्या मधल्या कानाच्या संसर्गावर प्रशिक्षित फार्मासिस्ट उपचार करू शकतात. मात्र आधी यंत्राने कान पाहावा लागतो. आपल्याकडे अमॉक्सिसिलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन कळ शमवणे मात्र दुकानदाराला शक्य आहे, आणि मधल्या कानाची अनेक दुखणी दोन-तीन दिवसांत आपोआप निवळतातही. कानामागे सूज, पू वा रक्त, चक्कर, तोंड वाकडे होणे, ताप न उतरणे, किंवा मूल अगदी तान्हे असणे, यांपैकी काहीही असल्यास त्याने थेट रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

आणि आपण? नाही म्हणणाऱ्याला आपण गर्विष्ठ ठरवतो, दुसऱ्या दुकानात जातो, त्याचे गिऱ्हाईक तोडतो. खरेपणाची किंमत त्याने एकट्याने मोजावी, अशी ही अपेक्षा असते. गरजू मजुराला जकातीतून उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या रोजीचे पैसे देता येतात. मोहल्ल्यातले कोणी त्याच्यासोबत सकाळी रुग्णालयात जाऊन रांगेत उभेही राहू शकते.