गुण पेशीचा की पाण्याचा?

गंगाखेडच्या घाटावरून पुढे गेलेली गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते, हे आपण शाळेतच शिकतो. त्यानंतर त्या पाण्याचे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचे गोडे पाणी आणि पाऊस यांचा हलका थर खाऱ्या पाण्यावर झाकणासारखा पसरतो. उपसागरावरील वारे अरबी समुद्राच्या मानाने मंद. त्यांना हे झाकण सहसा हलविता येत नाही. नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्ये खाली अंधारात राहतात आणि सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म तरंगते जीव, ज्यांना शास्त्रज्ञ वनस्पतिप्लवक म्हणतात, ते वर अर्धपोटी राहतात. अरबी समुद्रात याच्या उलट घडते. नैर्ऋत्य मोसमी वारे व त्यांनी चालविलेले प्रवाह सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे पाणी दूर लोटतात, खालचे थंड पाणी वर येते, आणि काचेच्या डबीसारखे कवच असलेले डायाटम अमाप वाढतात. उपसागराच्या मोकळ्या पाण्यात बहुधा अतिसूक्ष्म पेशींचेच राज्य. लहान असल्याने त्यांचे थोडक्यात भागते.

ऊन दोन्हीकडे आहे, पोषणही आहे. उणीव आहे ती वरखाली देवाणघेवाणीची.

दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुलांची शाळा मध्येच सुटते. पुढे असा मुलगा दहावीत अडखळला की आपण निकाल देतो, 'त्याच्यात काही नव्हतेच.' आणि शहरातला मुलगा चमकला की तो त्याचा गुण! माणसाला इच्छाशक्ती आहे, तो डायाटमसारखा केवळ वाहत जात नाही, हे मला मान्य आहे. सेमिनरीत आम्ही मानवी स्वातंत्र्यावर तासन्‌तास वाद घातले. कोण कोणत्या थरात जन्मला, हा प्रश्न त्यात क्वचितच येई.

मग थर ढवळायला वादळच हवे काय? ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. त्याने उपसागर ढवळला, आणि उपाशी पाण्यात वनस्पतिप्लवकांना बहर आला. किनाऱ्यावर सुमारे १०,००० माणसे मेली होती. संकटातून कल्याण होते, असे प्रवचनात सांगणे सोपे असते. त्या बहराला ईश्वरी योजना म्हणण्याचे धाडस मला होत नाही.