पेरले तेच उगवते काय?

वारकरी सज्जनहो, 'पेरले ते उगवते' हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो. वचन खरे, पण अर्धे. उरलेले अर्धे शेतकऱ्यास विचारावे. मृगाची पेरणी उरकून तो पंढरीची वाट धरतो. आषाढीचा काला घेऊन परत येतो, तो शेत हिरवेगार! दुरून पाहणारा म्हणतो, पीक छान आले. जाणता शेतकरी मात्र बांधावरून समाधान मानीत नाही. तो तासात उतरतो, ओणवा होतो, पान हाती धरून पाहतो. कां म्हणाल तर न पेरलेलेही उगवते, आणि पुष्कळदा पेरलेल्याच्या आधी उगवते.

त्यास आपण तण म्हणतो. संस्कृत 'तृण' शब्दाचेच हे मराठी रूप. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी या देहालाच क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे. तेव्हा तण ओळखण्याची विद्या साधकासही शिकणे प्राप्त आहे.

मध्यंतरी एक माळकरी गृहस्थ आम्हांस म्हणाले, "महाराज, तीन वर्षे नेमाने हरिपाठ करतो. पण राग कमी व्हायचा सोडून जास्तच दिसू लागलाय. सोडून द्यावा म्हणतो." आम्ही म्हटले, "दादा, तण दिसले म्हणून कोणी उभी ज्वारी मोडतो काय?" अहो, पेरलेले बी खोटे नव्हते. तणाचे बी आधीपासून मातीत पडलेले होते. कोरड्या रानात ते दिसत नव्हते, एवढेच. ज्या ओलाव्याने ज्वारी उगवते त्याच ओलाव्याने तेही उगवते. राग दिसू लागला, याचा अर्थ रान भिजले. आता खुरपे घ्यावयाचे, नांगर नव्हे.

पण खुरपे चालविण्यापूर्वी ओळख हवी. पाभरीने पेरलेले पीक तासात येते. दोन तासांच्या मध्ये उगवले ते उघड तण. त्यावर बेलाशक कोळपे फिरवा. दारू, जुगार, चहाडी ही अशी उघड तणे. त्यांना ओळखावयास शास्त्री लागत नाही.

कठीण आहे ते तासातले तण. भाताच्या खाचरात रानसावा असा वाढतो, की पोटरीत येईपर्यंत तो भातच वाटावा. पण पात जेथे कांडाला मिळते तेथे उलगडून पाहा. भाताला तेथे जिभेसारखा पातळ पापुद्रा असतो, सावाला नसतो. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण त्याचा दांडा चिमटीत फिरविला की तीन कडा लागतात. गाजराच्या वाफ्यात गाजरगवत आले तर पाने सारखीच दिसतात. मात्र गाजराचे पान चुरगळले की गाजराचा वास येतो. हे गाजरगवत पुण्याकडे १९५५ च्या सुमारास नजरेस आले, आणि आज देशभर पसरले आहे. अंगाला लागले तर खाज सुटते, म्हणून ते उघड्या हाताने उपटू नये.

उगवतीची पहिली दोन पानेही फसवितात. ती बियांची दले असतात. खरी जात पुढची पाने सांगतात. संशय असेल तर तेच बी कुंडीतल्या स्वच्छ मातीत पेरावे आणि रोपाशी रोप ताडून पाहावे. साधकाची ही कुंडी म्हणजे संतचरित्र. धर्माच्या नावाने आलेला क्रोध, वारीच्या नेमाचा अभिमान ही तासातली तणे. भक्तीच्याच ओळीत उभी, तिच्याच रंगाची. संतांच्या नम्रतेशेजारी ठेवून पाहा, ओळख पटते.

सर्वांत घातकी ज्वारीतला टारफुला. त्याचे बी धुळीसारखे बारीक, जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहणारे. ज्वारीच्या मुळांचा पाझर लागला की ते फुटते आणि त्याच मुळांना चिकटून रस पिते. वर फुले दिसतात तोवर आत नुकसान होऊन चुकलेले असते. सेवेच्या मुळाशी लागलेली मानाची हाव अशीच. कीर्तनकाराच्या शेतात तर तिला खत फार!

यावर शेतकऱ्याची युक्ती ऐका. तो त्या रानात पालटून कापूस किंवा भुईमूग घेतो. त्यांच्या मुळांनीही टारफुल्याचे बी फुटते, पण त्यास चिकटता येत नाही. ते उपाशी मरते. तद्वत् कोणास न कळेल अशी एखादी सेवा धरावी. दिंडीत रात्री भांडी घासावी, म्हाताऱ्याचे पाय चेपावे, आणि बोलू नये. मान आत फुटेल, पण खावयास न मिळून वाळेल.

एक सावधगिरी मात्र ठेवा. न पेरलेले सगळेच टाकाऊ नव्हे. घोळ, कुर्डू, तांदुळजा ही शेतात आपोआप येतात, आणि गरिबाच्या भाकरीबरोबर भाजी होतात. दारी अवचित आलेला पाहुणा, मध्येच आलेले आजारपण यांनी नेम मोडला म्हणून चिडू नये. तीही कधी भाजीच असते.

वेळ मात्र दवडू नका. तण बी धरण्याच्या आत काढले तर एक दिवसाचे काम. बी सांडले तर वर्षानुवर्षांचे. म्हणून रोज हरिपाठानंतर दोन घटका बांधावरून खाली उतरा. ओणवे झाल्यावाचून तण ओळखत नाही, आणि नमल्यावाचून मन कळत नाही.

रामकृष्णहरि!