पाठीवरचे पांघरूण

हरिश्चंद्रगडावरची ती रात्र मे महिन्याच्या अखेरची होती. पाचनईच्या वाटेने दुपारी वर पोहोचलो तेव्हा कातळ तापलेला होता आणि हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराची सावली हाच काय तो विसावा होता. संध्याकाळी कोकणकड्यावर वारा सुटला, ढग भरून आले आणि मध्यरात्रीनंतर वळीव कोसळला. आमचा तंबू एका खोलगट जागी उभारलेला होता. ती जागा मीच निवडली होती. अर्ध्या तासात तळातून पाणी आत आले आणि माझी स्लीपिंग बॅग भिजली.

बॅग बदकाच्या पिसांची होती. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. मुठीएवढी घडी होऊन सॅकच्या तळाशी बसणारी. तिच्या हलकेपणाचा मला अभिमान होता. पाणी लागताच पिसांचे गोळे झाले, ते कडेकोपऱ्यांत जाऊन बसले आणि मधल्या भागात कापडाचे दोन ओले पदर तेवढे अंगावर उरले. वारा थांबत नव्हता. तासाभरात माझे दात वाजू लागले आणि बोटांना चेन उघडता येईना. तेव्हा सोबत्याने मला उठवून पलीकडच्या झोपडीत नेले. यात्रेकरूंना आणि भटक्यांना चहा-भाकरी देण्यासाठी खालच्या गावातून वर येऊन राहणारा एक वयस्कर माणूस तिथे झोपला होता. त्याने काही विचारले नाही. अंगावरची घोंगडी काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली.

"मामा, तुम्हाला?" मी विचारले.

"पांघरा सायेब. मला सवय हाये."

पहाटे जाग आली तेव्हा तो चुलीशी गुडघे छातीशी घेऊन बसला होता. त्याच्याकडे दुसरे पांघरूण नव्हते. माझ्या अंगातील ऊब ही त्याच्या झोपेच्या मोलाने मिळाली होती, आणि ती मागण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता. त्यानंतर ‘सवय आहे’ या शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. सवय असणे म्हणजे थंडी न वाजणे नव्हे. थंडी वाजत असताना तिची तक्रार न करण्याचे ते शिक्षण असते, आणि ते कोणी स्वेच्छेने घेतलेले नसते.

गेल्या काही वर्षांत कमीत कमी वजन घेऊन डोंगरात जाण्याचा विचार आपल्याकडेही रुजला आहे. त्यात तथ्य आहे. गुडघे झिजू लागलेल्या माणसाला पाठीवरचा प्रत्येक किलो कळतो, आणि अनावश्यक वस्तूंचा त्याग हा डोंगराने शिकवलेला उत्तम धडा आहे. परंतु अनावश्यकाचा त्याग आणि आवश्यकाचा त्याग यांतील सीमा सॅक भरताना, घरातल्या दिव्याखाली, स्पष्ट दिसत नाही. जे आवश्यक आपण उचलत नाही ते नाहीसे होत नाही; ते सोबत्याच्या, खेचरवाल्याच्या किंवा एखाद्या वृद्ध ग्रामस्थाच्या खांद्यावर जाते. म्हणून उन्हाळी भटकंतीसाठी स्लीपिंग बॅग निवडणे ही केवळ सोयीची बाब आहे असे मला आता वाटत नाही.

बॅग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, एवढी साधी गोष्टही आपण विसरतो. झोपलेला प्रौढ मनुष्य सुमारे 70 ते 80 वॅट उष्णता बाहेर टाकतो. पांघरुणाचे काम इतकेच की तंतूंच्या जाळ्यात हवा अडवून ठेवावी आणि ती उष्णता सावकाश जाऊ द्यावी. ऊब असते ती या स्थिर हवेची. पिसे किंवा धागे हे तिचे पहारेकरी. पाणी उष्णता वाहून नेते ती हवेच्या विसाहून अधिक पट. पिसे भिजली की फुगीरपणा सोडतात आणि हवेची जागा पाणी घेते. पॉलिएस्टरचा तंतू मात्र पाणी जवळजवळ पीतच नाही. भिजला तरी तो आपला बाक टिकवतो, पिळून झटकला की पुन्हा थोडा फुलतो आणि वाऱ्यावर काही तासांत वाळतो. अमेरिकी सैन्याला ओलाव्यातही ऊब देणारा पिसांचा पर्याय हवा होता, आणि त्या गरजेतून 1980 च्या दशकात प्रायमालॉफ्ट हा सूक्ष्म तंतूंचा भराव विकसित झाला. त्या घोंगडीचे रहस्यही याच जातीचे होते. लोकर ओलावा आपल्या अंगात शोषून घेते, तरीही ऊब सोडत नाही. म्हणून पावसात मेंढरांमागे चालणाऱ्या धनगराने शतकानुशतके तिच्यावर विश्वास ठेवला. तिचे वजन मात्र दोन किलोंच्या घरात जाते.

पिसांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. लडाखसारख्या कोरड्या, कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात समान वजनात पिसांइतकी ऊब दुसरे काही देत नाही, आणि नीट जपलेली पिसांची बॅग दोन दशकेही टिकते. सह्याद्रीचा उन्हाळा मात्र कोरडा नसतो. मे महिन्यात वळीव असतो, पहाटे कड्यावरून धुके चढते, तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाचे थेंब धरतात. इथे जे भिजल्यावरही काम करील तेच विश्वासार्ह.

दुसरी बॅग घ्यायला गेलो तेव्हा लेबल प्रथमच लक्षपूर्वक वाचले. त्यावर बहुधा तीन तापमाने असतात: सुखाचे, सहनशक्तीच्या मर्यादेचे आणि टोकाचे. ती ठरवण्याची पद्धत आयएसओ 23537 या मानकात आहे. शीतकक्षात तापवलेला, संवेदक लावलेला पुतळा बॅगेत निजवतात आणि किती उष्णता निसटते ते मोजतात. सुखाचा आकडा स्त्रीच्या प्रमाण-देहासाठी असतो, मर्यादेचा पुरुषाच्या. हा प्रमाण-पुरुष 25 वर्षांचा, 173 सेंटिमीटर उंच आणि 73 किलो वजनाचा मानलेला आहे. मर्यादेच्या तापमानाला तो अंग आखडून आठ तास कशीबशी झोप काढतो. टोकाचा आकडा तर झोपेचा नव्हेच, तो केवळ जीव वाचण्याचा. हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो. माझे वय तेव्हा 58 होते. त्या पुतळ्याचे वय कधी वाढत नाही, दिवसभराच्या चालीने तो थकत नाही आणि उपाशीपोटी निजत नाही. स्वतःच्या देहाविषयीची आपली कल्पनाही पुष्कळदा अशीच पंचविशीत थांबलेली असते. मी सुखाचा आकडा पाहिला आणि त्यावरही दोन-तीन अंशांचा आधार ठेवला.

निवडलेली बॅग कृत्रिम तंतूंची आहे. सुखाचे तापमान 10 अंश सेल्सियस, वजन नऊशे ग्रॅम. उकाड्याच्या रात्री पायाकडची चेन उघडून ती गोधडीसारखी पसरता येते, आणि उन्हाळ्यात हे फार उपयोगाचे ठरते. तिच्याखाली कॅरीमॅट मी कधीही वगळत नाही, कारण अंगाच्या भाराने दबलेल्या भरावात हवा उरत नाही आणि कातळ खालून ऊब ओढून घेतो.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. ‘उन्हाळी’ हा शब्द ऋतूविषयी बोलतो, उंचीविषयी नाही. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरते. हरिश्चंद्रगड सुमारे 1,420 मीटर उंचीचा. हिमालयातील 4,000 मीटरवरचा तळ एवढ्याच हिशेबाने त्याहून सोळा-सतरा अंशांनी थंड असतो, आणि तो उत्तरेकडे असतो हे वेगळेच. मुंबई-पुण्याहून मे-जूनमध्ये हिमालयात जाणाऱ्या अनेकांच्या सॅकमध्ये सह्याद्रीचीच बॅग असते. ती तिथे अपुरी आहे.

कृत्रिम भरावाची एक उणीव आहे आणि ती लपवू नये: तो लवकर वृद्ध होतो. वारंवार दाबल्याने तंतू मोडतात, फुगीरपणा ओसरतो आणि काही हंगामांनंतर लेबलावरचा आकडा खरा राहत नाही. म्हणून मुक्कामाहून परतल्यावर ती पिशवीत कोंबून ठेवू नये. उन्हात वाळवून कपाटात मोकळी टांगावी, आणि दर वर्षी निघण्यापूर्वी एक रात्र गच्चीवर तिच्यात निजून पाहावे.

जुन्या बॅगेपेक्षा ही तीनशे ग्रॅमने जड आहे. त्यानंतर तिच्यासह मी अनेक उन्हाळे डोंगरात काढले, दोनदा भिजलोही. दोन्ही रात्री मी माझ्याच पांघरुणात होतो.