क्षार आणि तार

पावसाळ्यातील एका आडवारी दुपारी आम्ही देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून बसलो होतो. बाहेर संततधार लागली होती, दर्शनाला चिटपाखरूही आलेले नव्हते. गाभाऱ्यात भटजी एकटेच होते. आम्ही खांबाआड असल्याचे त्यांस ठाऊक नव्हते. पूजा मात्र सणावारी चालते तशीच चालली होती. एकही उपचार गाळला जात नव्हता, एकही मंत्र तोंडातल्या तोंडात गिळला जात नव्हता. त्या वेळी आमच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो थोडा लज्जास्पद होता. आम्ही त्यांच्या जागी असतो तर दोन मंत्र गाळले नसते काय? यजमान समोर नाही, देव तक्रार करीत नाही. जेथे चुकीला शिक्षा नाही आणि पाहणारा कोणी नाही, तेथे काम पुरते का करावे?

हा प्रश्न आम्हांस नेमका त्याच दिवशी बोचला, याचे कारण घरातले होते. गेल्या वर्षी आमच्या घरी दोन नवे उद्योग शिरले. सौभाग्यवतींनी साबण करावयास घेतला आणि आम्ही, उतारवयात, गिटार.

साबणाची कथा आधी सांगतो. बाजारातील काही साबणांत चरबी असते हे कळल्यापासून देवघराच्या उंबरठ्यावर हात धुताना आमच्या मंडळींचे मन खट्टू होत असे. घरचे नारळ, घरचे खोबरेल, मग साबणही घरचाच का नसावा, असा सरळ विचार होता. पाककृती ऐकावयास सोपी आहे. तेल, पाणी आणि दाहक सोडा, ज्याला दुकानदार कॉस्टिक म्हणतात. परंतु या तिसऱ्या वस्तूशी सलगी चालत नाही. सोडा पाण्यात घालावयाचा, पाणी सोड्यावर कधीही ओतावयाचे नाही. नाहीतर ते उसळून अंगावर येते. नुसत्या मिसळण्याने ते पाणी चुलीवाचून कढत होते. ॲल्युमिनियमचे भांडे त्याला वर्ज्य, कारण क्षार ते खातो, पोलादाचे चालते. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, मुले दूर.

आणि माप हवे वजनाचे. खोबरेलाच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे ५०० ग्रॅम तेलाला ९१.५ ग्रॅम. केवळ खोबरेलाचा साबण कातडी फार कोरडी करतो, म्हणून पंचमांश तेल मोकळे राहावे अशा बेताने ७३ ग्रॅमच घ्यावयाचा. पहिल्या खेपेस आम्ही मदतीला धावलो, आणि काटा काढण्याचा कंटाळा करून सोडा चमच्याने मोजला. वड्या दिसावयास सुरेख झाल्या. सहा आठवडे फळीवर वाळविल्या. सातव्या आठवड्यात हात धुतला तो मनगटापर्यंत आग आग झाली. सोडा अधिक पडला होता, आणि अधिक पडलेला सोडा कितीही दिवस ठेवला तरी विरून जात नाही. सारा घाणा टाकून द्यावा लागला. "अहो, काटा काय माळ्यावर ठेवायला आणला होता?" एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेपासून आम्हांस ओट्याजवळ येण्यास मनाई आहे. त्या ग्रॅम ग्रॅम मोजतात, मिश्रण पिठल्याइतके दाट होईतो घोटतात, साच्यात ओततात आणि त्याच दिवशी वड्या पाडतात, कारण खोबरेलाचा साबण फार घट्ट झाला की सुरीखाली त्याचे ठिकरे उडतात. मग कागदावर तारीख लिहून चार ते सहा आठवडे त्याकडे नुसते पाहावयाचे. आषाढ-श्रावणात वड्यांना घाम सुटतो, तेव्हा आणखी थांबावयाचे.

आता गिटार. आमच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहतात. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पूर्वी मुलांना सुरावट वाचावयास शिकवीत, त्या परंपरेतील ते अखेरचे म्हणावयास हवेत. मांडोला घुमट आणि व्हायोलिनसोबत गिटारची साथ असते, ती त्यांनी जन्मभर केली. त्यांनी आम्हांस पहिल्या दिवशी दोनच मेळ दाखविले, सी आणि एफ. पहिला बऱ्यापैकी दयाळू आहे. दुसऱ्यात तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी दाबावी लागते आणि उरलेल्या तीन बोटांनी आपापल्या जागा धरावयाच्या असतात. नवशिक्याच्या हातून सहांपैकी दोन तारा मुक्या राहतात आणि एक तार कण्हते. एकावरून दुसऱ्यावर जाणे, परत येणे, हेच रोज अर्धा तास, इतके सावकाश की कंटाळा यावा. आम्ही घाई केली की ते म्हणत, "सवकास, बाब, सवकास."

आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण करू लागलो. श्रावण संपेतो ४६ खुणा झाल्या. पाहुणे आले की आमची नजर त्या खुणांकडे आपोआप जाई, हेही कबूल केले पाहिजे. परंतु खरी हकीकत अशी की त्यातील बहुतेक दिवशी आम्ही एफ धरून पाहावा, तो कण्हावा, आणि मग दोन आठवड्यांपूर्वीच येऊ लागलेली एक सोपी चाल आनंदाने अर्धा तास वाजवीत बसावे. अर्धा तास भरला, खूण झाली. कोणी विचारले नाही. गिटारीने हात भाजला नाही.

येथेच त्या दोन उद्योगांतील भेद आम्हांस दिसला. क्षार अप्रामाणिकपणा खपवून घेत नाही. सात आठवड्यांनी का होईना, तो हिशेब मागतो. त्याच्यासमोर आमच्या मंडळी दक्ष राहतात यात त्यांचे कौतुक आहेच, पण दक्षतेचा निम्मा भार सोड्याने उचललेला असतो. तार क्षमाशील आहे. ती चुकवेगिरीला लगेच दंड करीत नाही; फक्त पुढे नेत नाही, आणि पुढे न जाणे हे माणसाला वर्षभर कळतही नाही. म्हणून दोहोंत अधिक कठीण परीक्षा आम्ही गिटारीची मानतो.

योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्याला तीन गोष्टी लागतात असे सांगितले आहे: दीर्घकाळ, अखंडपणा आणि सत्कार. पहिल्या दोन मोजता येतात, म्हणून शिस्तीचे भोक्ते त्यांनाच धरून बसतात. आमच्या ४६ खुणांत त्या दोन्ही होत्या. तिसरी नव्हती. सत्कार म्हणजे समोरच्या वस्तूविषयी आदर, आणि आदर असला की मनुष्य तिच्याशी खोटे बोलत नाही. केरीच्या केसरबाई केरकर यांनी १९२१ नंतर अल्लादियाखाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेतली. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत जी ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली तीत त्यांची भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. ती ऐकताना आम्ही त्या मिनिटांच्या मागच्या, कोणीही न ऐकलेल्या तासांचा विचार करतो.

कोणी म्हणेल, मग बाहेरून क्षार आणावा. परीक्षेला बसावे, गुरूच्या समोर रोज वाजवावे, चुकेल त्या दिवशी जेवण सोडावे. नवशिक्यास हे उपयोगी पडते. आम्ही त्यास हसणार नाही. तथापि परीक्षा संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. नित्यकर्माला वेगळे फळ नाही, न केल्यास मात्र प्रत्यवाय लागतो, असा मीमांसकांचा एक जुना पक्ष आहे. तरुणपणी आम्हांस हे कृपण हिशेबासारखे वाटे. आता वाटते की फळाची लालूच काढून घेतल्यावर माणूस काय करतो, एवढेच त्यांना पाहावयाचे असावे.

त्या पावसाळी दुपारी आरती झाल्यावर आम्ही खांबाआडून पुढे झालो. भटजी किंचित दचकले, मग तीर्थ दिले. आम्ही धीर करून विचारलेच. त्यांना प्रश्न विचित्र वाटला. थोडे थांबून म्हणाले, "अहो, आज एक मंत्र सोडला तर उद्या कुठे थांबायचे ते मला समजणार नाही." आणि समईची वात सारावयास वळले.

घरी येऊन आम्ही दिनदर्शिकेवरील खुणा रबराने पुसावयास बसलो. ज्या दिवशी एफ खरोखर धरला होता ते दिवस आठवून आठवून ठेवले. १७ उरले. त्यातील दोनतीन संशयास्पद आहेत. सौभाग्यवतींनी फळीवरच्या नव्या वड्यांचा कागद उलटून पाहिला. अजून अकरा दिवस आहेत. शेजारून व्हायोलिन जुळविण्याचा आवाज येत होता. आम्ही गिटार घेतली. सहावी तार अद्याप कण्हते.