पाथरवटाने कोरलेलं चुकीचं वळण

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये याकोब बर्नुली या गणितज्ञाची स्मृतिशिळा आहे. १७०५ साली तो गेला. लॉगरिथमिक सर्पिलाने त्याला वेड लावलं होतं. ही रेषा दर फेऱ्याला केंद्रापासून जास्त जास्त लांब जाते, पण कितीही वाढली तरी तिचा आकार बदलत नाही. आपल्या शिळेवर ती असावी, ही त्याची इच्छा. पाथरवटाने कोरलं ते आर्किमिडीजचं सर्पिल. चकलीसारखं, फेऱ्याफेऱ्यांत सारखंच अंतर असलेलं.

ही चूक मला किरकोळ वाटत नाही. नॉटिलस हा समुद्रजीव बर्नुलीच्या आवडत्या वळणाने वाढतो. अंग मोठं झालं की शिंपल्याच्या तोंडाशी तो नवा, ऐसपैस कप्पा तयार करतो, मागे पडदा घालतो आणि पुढे राहायला येतो. जुने कप्पे वाया जात नाहीत. सगळ्यांतून एक बारीक नळी गेलेली असते, त्यांतलं पाणी कमी करून तो तरंगण्याचा तोल सांभाळतो. लहानपणीची जागा त्याला जन्मभर उपयोगी पडते.

शिकणंही असंच असावं, असं मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरने १९६० साली मांडलं: तोच विषय पुन्हा यावा, पण दर वेळी अधिक खोलात. आपल्याकडे शिवचरित्र चौथीत येतं आणि सातवीत परत येतं. चौथीतल्या मुलाला शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेच्या गोष्टीतले पेटारे पुरेत. त्या वयात ते पुरायलाच हवेत. सातवीत मात्र पुरंदरचा तह यायला हवा, १६६५ सालचा, २३ किल्ले मोगलांना देणारा. आणखी पुढे कळावं की आग्र्यातल्या घडामोडींबद्दल आमेरच्या राजाच्या माणसांनी त्याच वेळी लिहिलेली राजस्थानी पत्रं आहेत आणि ती आपल्या बखरींशी ताडून पाहता येतात. पेटाऱ्यांची गोष्ट त्याने पुसली जात नाही, उलट तिला वजन येतं.

पण पोर्शन संपवायची घाई असते. सातवीतही चौथीचेच प्रश्न येतात, फक्त उत्तर पाच ओळींचं हवं असतं. शिक्षकांना बोल लावावा असं मला वाटत नाही. परीक्षाच तेवढं मागते. तरीही एखादी मुलगी हात वर करून, "बाई, पण महाराज आग्र्याला गेलेच कशाला?" असं विचारते, तेव्हा तो तास तिला द्यावा. तहाची कलमं फळ्यावर लिहावीत आणि ते किल्ले मुलांना नकाशावर शोधू द्यावेत.